उचललेली खुर्ची

९ जुलै, पिट्सबर्ग

कॉर्डेल,

तू फोन नंबर बदललास हे मला मिस ओडेसांच्या दारात उभं राहून कळलं. तुझा एरी शहरातला पत्ता त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून दिला आणि वर म्हणाल्या, "पत्र टाक. तुझं तोंड बघायची त्याला इच्छा नाही, अक्षर कदाचित बघेल." तुझ्या आईचं बोलणं तुला ठाऊकच आहे.

संघाच्या ऑफिसच्या मेलवरून यातलं काही लिहिता येत नाही, म्हणून हा साधा कागद. यावर संघाचं नाव नाही आणि खाली माझी सहीही नसेल. वाचून झालं की फाडून टाक.

गेले नऊ दिवस मी तीच बेरीज-वजाबाकी पुन्हा पुन्हा मांडतेय. डोकं पार भंजाळून गेलंय. तुला यातलं सगळं माहीत आहे, पण मला एकदा पहिल्यापासून सांगू दे, कारण कुठल्या पायरीवर काय निसटलं ते माझं मलाच सापडत नाहीये.

एका संघानं सगळ्या खेळाडूंवर मिळून किती पगार खर्चायचा, ती मर्यादा दर वर्षी ३० जूनला जाहीर होते. यंदा ती सतरा कोटी डॉलर होणार असं बास्केटबॉल लीगमधले सगळेच संघ धरून चालले होते. तुझ्या करारातलं शेवटचं वर्ष तुझ्या मर्जीवर होतं. एक कोटी नव्वद लाख, हवं तर घे, नको तर २९ तारखेपर्यंत तसं लिहून दे. तू ते घेतलं असतंस तर नवा खेळाडू म्हणून डुप्रीला आणायला आपल्याकडे जागाच नव्हती. तू नको म्हणालास तर डुप्री येत होता आणि वर एक कोटी चाळीस लाख उरत होते. ते तुझे, दर वर्षी, तीन वर्षं. वर्षाला थोडे कमी, पण सदतिसाव्या वर्षापर्यंत घरच्या मैदानावर, आणि मिस ओडेसा पाचव्या रांगेत. त्यांना डायलिसिस सोडून शहराबाहेर जाता येत नाही, म्हणून तुला इथेच खेळून संपवायचं होतं. हे मी विसरलेले नाही.

असं वचन कागदावर लिहिता येत नाही. नुसतं तोंडानं दिलं तरी लीगच्या नियमात तो गुन्हा. म्हणून आपण हात मिळवला आणि विषय संपवला.

राहिली खुर्ची. तू मोकळा झालास तरी संघाचा तुझ्यावरचा हक्क कागदावर राहतो आणि त्यापोटी तुझ्या नावापुढे दोन कोटी सत्तर लाखांचा आकडा बसून राहतो. ते पैसे कुणी देत नाही, पण जागा अडते. तुला समजावताना मी मिस ओडेसांच्या दारासमोर, डायलिसिसच्या व्हॅनसाठी जागा राखायला, रस्त्यावर ठेवलेल्या खुर्चीचं उदाहरण दिलं होतं. गाडी नाही, तरी जागा त्यांची, आणि सगळी गल्ली ते मानते. डुप्रीला तिथे गाडी लावायची तर आधी तुझी खुर्ची उचलावी लागणार होती. एकदा ती उचलली की मर्यादा ओलांडून तुला पैसे द्यायचा आपला हक्क गेला. मग उरतो तो फक्त शब्द.

३० तारखेला आकडा आला तो सोळा कोटी चाळीस लाखांचा. सामने दाखवणाऱ्या गावोगावच्या टीव्ही कंपन्या बुडाल्या, त्याचा फटका म्हणे. साठ लाख गेले आणि तुझ्या वाट्याला ठेवलेल्यातले ऐंशी राहिले. व्हिट्लोनं कागदावर एक नजर टाकली आणि म्हणाला, "ऐंशी लाखांत चौतीस वर्षांचा एक गुडघा घ्यायचा की तेवीस वर्षांचे दोन?" खोलीतले सगळे हसले. जनरल मॅनेजर हसला की सगळे हसतात. मी हसले की नाही ते आठवत नाही.

सहा तारखेला दुपारी बाराला सह्यांची मुभा मिळाली. बारा वाजून चार मिनिटांनी तुझी खुर्ची उचलली गेली आणि ते ऐंशी लाख तेवीस वर्षांच्या दोघांकडे गेले. संगणकावरचं बटण मीच दाबलं, ते माझंच काम आहे.

आकडा आधी कुणालाच ठाऊक नव्हता, कॉर्डेल. एवढं तरी मान.

कोण लिहितंय ते अक्षरावरून कळेलच.


२२ जुलै

कॉर्डेल,

माझं पत्र तू फाडलं नाहीस, परत पाठवलंस. मागे एकच ओळ लिहून. "२९ तारखेला मी तुला काय विचारलं होतं?"

मिस ओडेसांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो आपण. तळलेला मासा होता आणि रताळ्याची गोड पाई होती. त्या म्हणत होत्या, "डार्लीन, तू खातेस कमी आणि कागद फार काढतेस." तू पेन हातात घेतलंस, चष्मा नाकावर ठेवलास (तुला चष्मा लागला हे मला तेव्हा कळलं) आणि विचारलंस, "आकडा पक्का ना, डी?"

हे तू विचारलंस ते मला आठवतं. मी काय म्हणाले ते नीट आठवत नाही. काहीतरी हो-बिहो म्हणाले असेन. मग तू सही केलीस.

कुजबुज होती, हे खरं. कुणी म्हणत होतं आकडा खाली येईल, कुणी म्हणत होतं वर जाईल. जूनमध्ये आमच्या धंद्यात अशी कुजबुज असतेच. प्रत्येक कुजबुजीवर मी खेळाडूंच्या आयांच्या घरी धावत सुटले तर कसं व्हायचं? हे मी तुला विचारतेय की स्वतःला, देव जाणे.

एक गोष्ट मात्र सांगून टाकते. त्या दिवशी गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती. तू खिडकीतून ओरडलास, "खुर्ची उचल, पोर्चवर ठेव, जाताना परत ठेव." जाताना माझ्या हातात तुझ्या सहीचा कागद होता आणि डोक्यात तो वेळेत पोचवायचा घोर. मी खुर्ची पोर्चवरच विसरले. दुसऱ्या दिवशी सोमवार. मिस ओडेसांना डायलिसिसला न्यायला व्हॅन आली तेव्हा त्या जागेत कुणाचा तरी ट्रक होता. व्हॅन पुढच्या चौकात थांबली आणि तुझ्या आईला हातात काठी घेऊन तिथपर्यंत चालत जावं लागलं. हे मला त्यांनी नाही, शेजारणीनं सांगितलं. शेजारीण म्हणाली, "पिट्सबर्गमध्ये जन्माला आलीस ना गं तू? की दुसरीकडून आलीस?"

ते ऐकल्यापासून मला बाकी कशाहीपेक्षा त्या खुर्चीचीच लाज जास्त वाटतेय. असं का, ते कळत नाही. एवढ्या मोठ्या व्यवहारात मी एका खुर्चीपाशी अडकून बसलेय.

हेही फाड.


११ ऑगस्ट

कॉर्डेल,

तुझ्या एजंटनं केलेली तक्रार आमच्याकडे पोचली. खोट्या माहितीवर तुझ्याकडून नकार घेतला, म्हणून तो नकार रद्द करा आणि करारातलं ते वर्ष परत द्या, असं त्यात आहे. लवादापुढे सुनावणी बारा सप्टेंबरला. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं.

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संघानं तुला किमान पगारावर बोलावलंय आणि पंधरा सप्टेंबरपर्यंत उत्तर मागितलंय, तेही ऐकलं. तीन हजार मैल. मिस ओडेसांचं काय करणार आहेस ते विचारायचा मला अधिकार नाही, तरी विचारते.

इथे माझी तालीम चाललीय. संघाचा वकील प्रेन्टिस रोज दोन तास माझ्यासमोर बसतो. माणूस अगदी मऊ आवाजाचा, घसा बसल्यासारखा.

"मिस हुडाक, २९ जूनला कॉर्डेल पेटवे यांना काही वचन दिलं होतं?"

"नाही."

"आकड्याबद्दल काही माहिती होती?"

इथे मी थांबते. रोज थांबते. काल तो म्हणाला, "डार्लीन, 'आठवत नाही' हे खोटं नसतं. माणसाला आठवत नाही, एवढाच त्याचा अर्थ."

मी म्हटलं, "आणि आठवत असेल तर?"

"तर पुन्हा विचार कर. बऱ्याच गोष्टी पुन्हा विचार केला की आठवेनाशा होतात."

गंमत अशी की त्याचं खरं ठरतंय. रोज तेच प्रश्न, रोज तीच उत्तरं, आणि मला आता खरंच शंका येते की मी काय ऐकलं होतं आणि कधी ऐकलं होतं. मी २८ तारखेला ऐकलं की ३० ला? स्वप्नात ऐकलं का? मी आकड्यांची बाई, माझ्या डोक्यात तारखा अशा कधी सरमिसळ होत नाहीत.

आणखी एक. व्हिट्लोनं मला साहाय्यक जनरल मॅनेजर करायचं ठरवलंय. सुनावणीनंतर. 'नंतर' हा शब्द त्यानं दोनदा म्हटला. माझं अभिनंदन करणार नाहीस, माहीत आहे.

याआधीचं पत्र फाडलंस ना?


३० ऑगस्ट

कॉर्डेल,

आज मिस ओडेसांकडे गेले होते. तुला सांगू नका म्हटलं तर म्हणाल्या, "मी माझ्या पोरापासून काही लपवत नाही. लपवायची सवय तुमच्या ऑफिसात असेल." म्हणून आधीच लिहितेय.

गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली आणि चालत गेले. खुर्ची जागेवर होती. लाल गादीची, एक पाय टेपनं बांधलेला. त्या पोर्चवर बसून शेंगा सोलत होत्या. मला शेजारी बसवलं आणि अर्धी टोपली माझ्या मांडीवर सरकवली. मीही सोलायला लागले.

मग मी खुर्चीबद्दल माफी मागितली. तीस जूनच्या त्या सोमवारबद्दल.

"चालले असेन चौकापर्यंत," त्या म्हणाल्या. "मेले नाही."

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"तुला माहीत नव्हतं होय? तुझ्या हातानं उचललीस ना? मग मी काय सांगायचं?"

मी म्हटलं, मी विसरले, माझ्या डोक्यात दुसरं चाललं होतं, वेळ कमी होता. त्या ऐकत होत्या आणि शेंगा सोलत होत्या. मग म्हणाल्या, "हे बघ मुली. या गल्लीत खुर्ची कुणीही उचलू शकतं. कुलूप आहे का तिला? पोलीस येतो का? रस्ता सरकारचा आहे. जिनं उचलली तिनं परत ठेवायची, एवढाच कायदा. का उचलली ते कुणी विचारत नाही."

कॉर्डेल, त्यांना सगळं ठाऊक आहे की नुसत्या खुर्चीबद्दल बोलत होत्या, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

निघताना त्यांनी भिंतीवरचा जुना फोटो दाखवला. शाळेच्या जिममधला. तू उडी मारलेली, आणि कोपऱ्यात टेबलाशी मी, गुणांची वही घेऊन, दोन वेण्या. त्या रात्रीचं भांडण तुला आठवत असेल. तुझे चाळीस गुण झाले असं सगळं जिम म्हणत होतं, आणि मी वहीत एकोणचाळीस लिहिले, कारण तीन गुणांच्या फेकीत तुझा पाय रेषेवर होता, म्हणून दोनच. तू तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीस. बारा वर्षांनी तूच मला या संघात घेऊन आलास आणि मालकाला म्हणालास, "हिच्या वहीत खोटं नसतं. मी विकत घ्यायचा प्रयत्न केलाय."

मिस ओडेसा म्हणाल्या, "एकोणचाळीसच होते. मी पाहिलं होतं. पण त्याला सांगू नकोस." त्या आता सांगतीलच, म्हणून मी आधी सांगितलं.


८ सप्टेंबर

कॉर्डेल,

मी वही बाहेर काढली. ऑफिसातली नव्हे, माझी, पेन्सिलीची. शाळेपासून माझी सवय गेलेली नाही, फोन आला की वेळ आणि दोन शब्द टिपून ठेवते. जूनपासून मी ती उघडली नव्हती. टेबलाच्या खणात होती, रोज हाताला लागत होती, आणि मी दुसरं काहीतरी काढून खण बंद करत होते. काल उघडली.

२८ जून. दुपारी १२.४०. "मर्यादा १६.४. जवळजवळ नक्की. टीव्ही." फोन दुसऱ्या एका संघातल्या माझ्यासारख्याच आकडेवालीचा होता. तिचं नाव लिहीत नाही, तिनं माझ्यावर उपकारच केले होते.

त्याखाली १.१०. "व्हि. ला सांगितलं."

आता आठवतं. पुसट नाही, लख्ख आठवतं. व्हिट्लो सँडविच खात होता. मी आकडा सांगितला आणि म्हटलं, याचा अर्थ पेटवेला कबूल केलेले पैसे उरत नाहीत. तो म्हणाला, "अंदाज आहे. अंदाज मलाही येतात, पावसाचे. उद्या सही आण." मी विचारलं, "त्याला हे सांगू का?" त्यानं सँडविचमधून खाली पडलेला एक फ्रेंच फ्राय उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "तुझा मित्र आहे ना? मग तुझ्यावर विश्वास ठेवेल." एवढंच. त्यानं 'खोटं बोल' म्हटलं नाही. ते मी माझं मी केलं.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आकडा पक्का ना, डी?" मी म्हणाले, "पक्का." हो-बिहो नाही. 'पक्का' हाच शब्द. आणि तुझ्या डोळ्यांत बघून म्हणाले.

मी खोटं बोलले, कॉर्डेल. तुझी माफी मागते. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू ठरव.

का बोलले, ते अजूनही मला सांगता येत नाही, आणि मी फार प्रयत्न केलाय. दोन वर्षं मी तो आराखडा रचला होता. डुप्री, तू, आणि सगळं मर्यादेत बसतंय. कागदावर ते इतकं नीट बसत होतं की एका फोनमुळे ते मोडायला माझा हात धजला नाही. कदाचित मला वाटलं, आकडा परत वर जाईल. कदाचित वाटलं, ऐंशी लाखांत तुला कसंही बसवू, मी व्हिट्लोला गळी उतरवीन. कदाचित नोकरीची भीती. यातलं नेमकं कुठलं ते मला माहीत नाही. सगळीच असतील, किंवा मी आज यातलं एखादं स्वतःला बरं वाटावं म्हणून रचत असेन. साक्षीत तुझा एजंट 'का' विचारणार, आणि मी तेवढ्यापुरती 'माहीत नाही' म्हणणार. ते खरं आहे. बाकी सगळं मला माहीत आहे.

प्रेन्टिसला आज सकाळी सांगितलं. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "डार्लीन, हे बोलल्यावर लीगमध्ये तुला पुन्हा कुणी कामाला ठेवणार नाही. संघाला दंड बसेल. आणि त्याला ते वर्ष परत मिळेलच अशी खात्री नाही." मी म्हटलं, "खात्री आहे असं मी आता कुणालाच सांगत नाही." दुपारपर्यंत माझं ओळखपत्र दारावर चालेनासं झालं. रखवालदारानं माझा डबा आणि कुंडी बाहेर आणून दिली. तोही गोंधळलेला होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही काही चोरलंत का?" मी म्हटलं, "नाही रे. परत ठेवतेय."

तुला उत्तर द्यायला पंधरापर्यंत मुदत आहे. सुनावणी बाराला. जमलं तर तिकडच्या संघाला लगेच हो म्हणू नकोस, सुनावणी होईपर्यंत थांब. एवढंही मागायचा मला हक्क नाही, तरी मागते.

सोबत वहीतलं पान आहे, मूळ, झेरॉक्स नव्हे. पेन्सिलीचं आहे, पण कुठे खोडलेलं नाही, बघ. झेरॉक्स आणि माझं लेखी निवेदन लवादाकडे आज टपालानं गेलं. वचनाबद्दलही त्यात लिहिलंय. ते मी दिलं, संघाच्या वतीनं, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात, हात मिळवून. तू मागितलं नव्हतंस, मी दिलं होतं, हेही लिहिलंय.

टपाल टाकून परत येताना मिस ओडेसांच्या गल्लीतून आले. दुपारची व्हॅन त्यांना सोडून नुकतीच निघून गेली होती आणि खुर्ची कडेला झाडाशी होती. ड्रायव्हर ठेवायला विसरला असावा. मी गाडी मधेच थांबवली. मागचा हॉर्न वाजवत राहिला. मी उतरून खुर्ची जागेवर ठेवली, टेपचा पाय आतल्या बाजूला, त्या ठेवतात तशी. पोर्चवरून त्यांनी पाहिलं. हात वगैरे हलवला नाही, मान मात्र हलवली.

तुझ्याकडची आधीची तीन पत्रं फाडली असशील तर बरंच केलंस. त्यांत अर्धं खोटं होतं.

हे फाडू नकोस. बाराला येताना घेऊन ये.

डार्लीन मेरी हुडाक